भुयारी मेट्रोचं स्टेशन शेजारी येतं तेव्हा घराला काय होतं?

गेल्या चवथीला गिरगावची मावशी फोंड्याला आमच्याकडे आली होती. गणपतीवर टांगायची माटोळी बांधतानाही तिचा विषय एकच, तिच्या खोलीचं दार. चाळीपासून हाकेच्या अंतरावर मेट्रो स्टेशनचं काम सुरू झालं आणि नंतरच्या एका पावसाळ्यात ते दार चौकटीत अडकायला लागलं. शेजारी म्हणाले, इमारत खचली. सुताराने रंधा मारला आणि म्हणाला, लाकूड फुगलंय, पावसात फुगतंच. दोघांपैकी बरोबर कोण, हे तिला अजून कळलेलं नाही. काम सुरू होण्याआधी चौकट काटकोनात होती का, खिडकीजवळची भेग तेव्हाही होती का, याची एका ओळीचीही नोंद तिच्याकडे नाही.

त्या दारामुळे मी हा विषय समजून घ्यायला लागलो. गोव्यात मेट्रो नाही, पण इथल्या कितीतरी घरांचं एक पाऊल गिरगाव-ठाकुरद्वारात आहे. शिकायला, नोकरीला, गाण्याला गेलेली आपली माणसं तिथलीच झाली. आणि जमीन खणली की शेजारच्यांचं काय होतं, ते आता आपण इथेही अनुभवतो आहोत. स्मार्ट सिटीच्या कामांत पणजीचे रस्ते उकरले गेले, त्या धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः जाऊन कामाच्या जागा पाहिल्या. ती खोदाई गटारांची आणि नळांची होती, काही हात खोल. मेट्रोचं स्टेशन सहा-सात मजले खाली जातं.

बोगदा निघून जातो, स्टेशन राहतं

नकाशावर मेट्रो म्हणजे एक रंगीत रेघ. मुंबईची मेट्रो ३ कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर धावते. तिच्या २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत, अशी ती तीन टप्प्यांत सुरू झाली. गिरगाव आणि काळबादेवी शेवटच्या टप्प्यातली.

लोकांना भीती वाटते ती आपल्या घराखालून जाणाऱ्या बोगद्याची. पण बहुतेक ठिकाणी बोगदा हा त्यातल्या त्यात शांत शेजारी. टीबीएम नावाचं यंत्र म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाचं लांबलचक नळकांडं. पुढची चकती खडक कुरतडते आणि मागे लगेच तयार काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसत जातं. खडक चांगला असेल तर एखाद्या इमारतीखालून ते काही दिवसांत पार होतं. वरच्या माणसाला भांडी किणकिणल्यासारखं वाटलं तर वाटतं.

स्टेशनला मात्र जमीन फोडून वर यावंच लागतं. आठ डब्यांची गाडी उभी राहायची तर फलाट पावणेदोनशे मीटरच्या आसपास लागतो. दोन्ही टोकांना हवेचे पंखे, वीज, पाण्याचे पंप यांच्या खोल्या धरल्या की जमिनीखालची पेटी दोनशे मीटरच्या पुढे जाते. फुटबॉलची दोन मैदानं टोकाला टोक लावून ठेवावीत, एवढी लांबी. रुंदी वीस-बावीस मीटर, खोली वीसच्या पुढे. वस्तीतल्या रस्त्याच्या पोटात हे बसवायचं, आणि वर दुकानं, शाळा, अँब्युलन्स सगळं चालू ठेवायचं. शेजाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात.

सगळ्यात जुनी रीत सरळ आहे. रस्ता खणायचा, आत स्टेशन बांधायचं, वर झाकण घालून रस्ता पुन्हा करायचा. लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६३ च्या जानेवारीत सुरू झाली ती अशीच बांधलेली होती. १९८४ मध्ये सुरू झालेली कोलकात्याची, भारतातली पहिली मेट्रोही मुख्यतः अशीच. आधी जमिनीखालचे नळ, गटारं, केबली बाजूला हलवाव्या लागतात. जुन्या शहरात कुठली वाहिनी कुठून जाते याचे नकाशे अर्धवट असतात, म्हणून बाहेरून काहीच घडत नाही असं दिसणारे महिने खरं तर याच कामात जातात. मग खड्ड्याच्या चारी बाजूंनी जमिनीत काँक्रीटचे खांब एकमेकांना खेटून उतरवतात. आधी भिंत, मग खड्डा. खोदत खाली जाताना समोरासमोरच्या भिंती आत झुकू नयेत म्हणून मध्ये लोखंडी टेकू आडवे बसवतात.

यात शेजाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा एक फरक आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. खड्डा तळापर्यंत खणून खालून वर बांधत आलं तर रस्ता वर्षानुवर्षं उघडा राहतो. उलट, आधी छताचा स्लॅब घालून त्याच्याखाली खोदत गेलं तर वरचा रस्ता लवकर परत मिळतो. दुसरी पद्धत कंत्राटदाराला अवघड आणि बहुधा महाग जाते, कारण सगळी माती छताला ठेवलेल्या मोजक्या भोकांतून काढायची असते. पण दुकानदाराच्या दारासमोर कामाच्या कुंपणाचे पत्रे किती वर्षं राहणार, हे या एका निर्णयावर ठरतं. माझ्या मते प्रत्येक जनसुनावणीत पहिला प्रश्न हाच असायला हवा.

गिरगाव-काळबादेवीत रस्ताच इतका अरुंद की पूर्ण पेटी वरून खणणं शक्य नव्हतं. तिथे बाजूला एक मोठी विहीर घेतली, तिच्यातून आडवं शिरून रस्त्याखाली फलाटांची भुयारं कोरली, आणि कोरलेल्या भागावर लगेच काँक्रीट फवारत पुढे गेले. या पद्धतीला एनएटीएम म्हणतात. तिने रस्ता वाचला, पण ती विहीर आणि जिने जिथे वर येणार होते तिथल्या जुन्या इमारतींना जागा सोडावी लागली. २०१५ मध्ये गिरगावकर रस्त्यावर उतरले ते यामुळे.

मातीचा हिशेब कागदावरही करून पाहता येतो. २२० मीटर लांब, २२ रुंद आणि २० खोल म्हणजे जवळजवळ एक लाख घनमीटर. खडक फोडला की फुगतो, तुकड्यांमध्ये पोकळी येते. म्हणजे दीड लाखाच्या आसपास धरा. एका डंपरमध्ये दहा घनमीटर मावले तर एका स्टेशनमागे पंधरा हजार खेपा, आणि प्रत्येक डंपर रिकामा परतणार. चाळीच्या तोंडाशी धूळ का साचते आणि शाळेच्या वेळेला रस्ता का तुंबतो, त्याचं मूळ या आकड्यात आहे. उपायही साधे आहेत. चाकं धुतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, वर ताडपत्री, आणि शाळा भरताना-सुटताना खेपा बंद. साध्या उपायांवर रोज कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं, तिथेच गाडी अडते.

जमीन खचते म्हणजे काय

तांदळाच्या पोत्याला तळाशी भोक पाडून मूठभर तांदूळ काढले तर वर हलका खळगा पडतो. जमिनीखालून माती काढली की असंच होतं. खळगा काही मिलिमीटरचा असतो, पण तो बोगद्याच्या किंवा खड्ड्याच्या बाजूलाही पसरतो. अख्खं घर सगळीकडून सारखं दहा मिलिमीटर खाली गेलं तर घरातल्यांना पत्ताही लागत नाही. एक कोपरा खाली गेला आणि बाकीचे जागेवर राहिले, की भिंत तिरकी ओढली जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी भेग चढत जाते, लादी पोकळ वाजते, आणि दार अडतं.

मावशीच्या दारासाठी एक ओळख सांगतो. लाकूड फुगलं असेल तर दार बहुतेक कडेभर घासतं आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पुन्हा सैल होतं. चौकट कलली असेल तर वरच्या फटीचा आकार बदलतो, एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी पाचरीसारखी, आणि उन्हाळ्यातही ती तशीच राहते. यावरून अंदाज येतो. कारण ठरवायचं तर इमारत मोजायलाच हवी.

दुसरं संकट पाण्याचं. वीस मीटर खोल खड्ड्यात आजूबाजूचं भूजल शिरणारच, म्हणून पंप लावून ते उपसतात. मातीच्या कणांमधल्या पाण्याने वरचा थोडा भार पेललेला असतो. ते पाणी गेलं की मऊ माती दबते, आणि विहिरींची पातळीही खाली जाते. दक्षिण मुंबईतल्या वाडियाजी आणि अंजुमन या पारशी आतश बेहरामांच्या, म्हणजे अग्निमंदिरांच्या, भाविकांनी २०१८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. बोगद्याने आपल्या श्रद्धास्थानाचं पावित्र्य भंगेल, ही त्यांची मुख्य चिंता होती आणि तिथल्या विहिरीच्या पाण्याबद्दलही ते अस्वस्थ होते. विहीर म्हणजे बाहेरच्यांना पाण्याचा खड्डा वाटेल, पण आपल्याकडे बांयेपाशी दिवा लावणाऱ्या माणसाला त्यांचं म्हणणं समजावून सांगावं लागणार नाही. काम पुढे पूर्ण झालं. तो प्रश्न मांडणं मात्र योग्यच होतं, असं मी मानतो.

पाणी किती घात करू शकतं ते कोलकात्याच्या बऊबाजारात दिसलं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी टीबीएमची गाठ जमिनीखालच्या पाणथळ थराशी पडली. बोगद्यात पाणी आणि गाळ शिरला, वरच्या जुन्या घरांना तडे गेले, काही कोसळली, शेकडो माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. २०२२ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच भागात पुन्हा पाणी शिरलं, पुन्हा तडे गेले. जर्मनीतल्या कोलोन शहरात ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या खोदकामाशेजारचं ऐतिहासिक अभिलेखागार काही मिनिटांत कोसळलं आणि शेजारच्या घरांतली दोन माणसं गेली.

मुंबईच्या पोटात बेसॉल्ट आहे, म्हणून ती तुलनेने नशीबवान. पण सगळीकडे नाही. जुन्या बेटांमध्ये भराव घालून केलेली जमीन आहे, खडक कुठे कठीण तर कुठे कुजलेला आहे. गोव्याच्या माणसाला हे पेडण्यावरून कळावं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली, पण बांधताना पेडण्याच्या बोगद्याने फार रडवलं होतं, कारण तिथे खडकाऐवजी पाण्याने भरलेली मऊ माती लागली. ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये आत पाणी झिरपून गाड्या अडकल्या. गाडी सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी डोंगरातलं पाणी आपली वाट शोधतंच आहे.

असं असूनही जुन्या इमारतींखालून सुखरूप जाता येतं. नव्वदच्या दशकात लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनचा अतिशय खोल खड्डा बिग बेनच्या मनोऱ्याला लागून खणला. मनोरा किती कलतो ते सतत मोजलं जात होतं, आणि त्याप्रमाणे पायाखालच्या मातीत सिमेंटचा पातळ गारा दाबून भरला जात होता. मनोरा तोलून धरला गेला, कारण आधीपासून मोजमाप होतं.

मोजमाप कोणाच्या हातात

आसपासच्या इमारतींवर लावलेली छोटी यंत्रं तुम्ही पाहिली असतील. भिंतीवर चिकटवलेली चमकती चौकोनी पट्टी इमारतीची हालचाल दुरून टिपण्यासाठी असते. भेगेवर आडवी बसवलेली पारदर्शक मोजपट्टी भेग रुंदावते का ते सांगते. कलमापक असतो, कंपन मोजणारा डबा असतो, आणि जमिनीत घातलेल्या नळीतून भूजलाची पातळी कळते. प्रत्येक मापाला पायऱ्या ठरवलेल्या असतात. एका आकड्याला सावध व्हायचं, पुढच्याला कामाची पद्धत बदलायची, त्याच्या पुढच्याला काम थांबवायचं.

शेजाऱ्याला हे तीन आकडे माहीत असायला हवेत. तेही त्याच्या भाषेत, जिन्याखालच्या फलकावर. माझा आग्रह याबद्दलच आहे. यंत्र त्याच्या भिंतीवर लावायचं आणि आकडे दुसऱ्याच्या संगणकात ठेवायचे, तर मग त्याने शेजाऱ्याच्या शेजाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला तर नवल काय? अफवा अशाच जन्मतात. फोर्टमधली जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट ही एकोणिसाव्या शतकातली वास्तू. २०१७ मध्ये तिच्या शिरोभागातला एक तुकडा निखळला, विश्वस्त न्यायालयात गेले आणि तिथलं काम काही काळ थांबलं. त्यांच्यामागे वास्तुतज्ज्ञ होते, वकील होते. चाळीतल्या विधवा बाईमागे कोण असतं?

म्हणून काम सुरू होण्याआधीची पाहणी सगळ्यात मोलाची. सरकारी पाहणीला माणसं येतात तेव्हा घर बंद ठेवू नका. त्यांनी केलेल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागा. आपले फोटोही काढा. भेगेशेजारी पट्टी धरून, त्या दिवसाचं वर्तमानपत्र चौकटीत येईल असे. जुन्या भेगा लपवू नका. जुनी भेग आधीच नोंदली गेली असेल तर नवी भेग नवी म्हणून सिद्ध करता येते. गच्चीवरची गळती, गंजलेले खांब, वाळवी लागलेली तुळई, सगळं लिहून ठेवा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून तारीख घालायची, ही जुन्या गवंड्यांची युक्ती. भिंत हलली तर काच तडकते. यंत्राइतकी अचूक नाही, पण ती तुमच्या घरात असते.

आवाजाचंही असंच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. १० डेसिबल जास्त म्हणजे ध्वनीची ताकद दहापट. त्यामुळे ‘थोडासा जास्त’ आवाज थोडासा नसतो. रात्री काम करण्याची कारणं खरीही असतात. टीबीएम जागेवर थांबवणं धोक्याचं असू शकतं, स्लॅबचं काँक्रीट अर्ध्यात सोडता येत नाही, आणि डंपरना दिवसा रस्त्यावर बंदी असते. पण पत्रे उतरवणं, लोखंड कापणं, गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा, हे रात्रीच करायला हवं असं नाही. २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांच्या तक्रारीवर उच्च न्यायालयाने रात्रीच्या कामाला बंदी घातली होती, ती नंतर उठली. मधल्या काळात एवढं तरी झालं की कुठलं काम रात्री करावंच लागतं आणि कुठलं केवळ सोयीचं म्हणून केलं जातं, हे विचारायची लोकांना सवय लागली.

जिना कुठे उतरणार

स्टेशन सुरू झाल्यावर धूळ जाते, आणि मग कायमचे प्रश्न उरतात. वर काय दिसणार? जिन्यांची तोंडं, लिफ्टची खोली, आणि हवेचे मनोरे. आग लागली तर धूर ओढून बाहेर टाकणारे पंखे याच मनोऱ्यांतून श्वास घेतात, म्हणून ते टाळता येत नाहीत. पण त्यांची जाळी कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून असावी का, हे नकाशावरच ठरवता येतं.

जिन्याच्या तोंडाशी रिक्षा, टॅक्सी, दुचाक्या आणि फेरीवाले जमणार, हे सांगायला ज्योतिषी नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोंडं दिली तर गर्दी विभागते. एकच दिलं तर त्या एका गल्लीत माणसाला घराबाहेर पाय ठेवणं कठीण होतं.

पाण्यासाठी एक साधी खूण लक्षात ठेवा. चांगल्या भुयारी स्टेशनात शिरताना आधी दोन-चार पायऱ्या वर चढावं लागतं, मग खाली. पूर आत शिरू नये म्हणून तो उंबरठा असतो. गुडघेदुखीवाल्यांना तो नकोसा वाटतो, म्हणून शेजारी उतार आणि लिफ्ट हवीच. २६ मे २०२५ ला मुंबईत पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाण्याचा लोंढा उतरला. त्याच महिन्यात सुरू झालेलं ते स्टेशन. एक प्रवेशद्वार अजून बांधून पूर्ण झालं नव्हतं, तिथली तात्पुरती भिंत पडली आणि पाणी फलाटापर्यंत गेलं. अर्धवट राहिलेलं एक तोंड पुऱ्या स्टेशनला पुरलं.

शेवटी पैशांचं. स्टेशन आलं की आसपासचे भाव चढतात. ज्याची जागा मालकीची, त्याला फायदा. पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूला आणि पदपथावरच्या विक्रेत्याला धूळ तेवढीच खावी लागली, पण वाढलेला भाव त्यांच्या खिशात पडत नाही. गिरगावकरांनी लावून धरलेली मागणी म्हणून मला फार शहाणी वाटते. आम्हाला इथेच घर द्या, दूर उपनगरात नको. माणसाचं काम, देऊळ, दवाखाना, गणपती सगळं पायी अंतरावर असतं. तेच गेलं तर मोठं घर घेऊन करायचं काय?

गोव्यात भुयार खणायचं तर जमीन कशी लागेल याचा विचार मी अनेकदा करतो. पणजीच्या आल्तिनोवर जांभा, सच्छिद्र, पाणी झिरपू देणारा. त्या टेकडीच्या पायथ्याशी झरे, ज्यांच्यावरून फोंताइन्यास या वस्तीला नाव पडलं, आणि तिथली घरं जुन्या चिऱ्यांची. खाली खाडीकाठचा भराव. ही जमीन कोणी खणायला घेईल तेव्हा झऱ्याचं पाणी किती येतं, कोणत्या महिन्यात किती, हे त्याआधीची दोन-तीन वर्षं मोजलेलं असावं लागेल. पर्वरीच्या उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वराचा वड हलवला तेव्हा लोक का कळवळले, हे ज्याला समजलं नाही त्याने पणजीच्या मळा वस्तीत आणि फोंताइन्यासात खोदकामाला हात घालू नये.

मावशी परत निघाली तेव्हा मी तिच्या पिशवीत एक स्टीलची पट्टी आणि दोनशे पानी वही घातली. दिवाळीआधी तिने फोनवर पहिली नोंद वाचून दाखवली. दाराच्या वरची फट, बिजागरीकडे ३ मिलिमीटर, कडीकडे ४. आता ती एप्रिलात पुन्हा मोजणार आहे.